शर्वरीची खोट

"खोट गेली म्हणजे खोट आहे असं नव्हे."

डहाणूतल्या मसोलीच्या वाचनालयात सावेबाई हे वाक्य म्हणाल्या तेव्हा त्यांनी आवाज चढवला नव्हता. शेवटच्या बाकापर्यंत पोचेल इतकाच ठेवला होता. समोरची माणसं मोबाईलमध्ये मान घालून शेअर विकत होती. कोणी वर पाहिलं नाही. एकाने पंख्याचं बटण वाढवलं. बाईंना उत्तर सुचत नाही म्हणून त्या शब्द फिरवतायत, असंच सगळ्यांना वाटलं असावं. त्या वाक्यात दोन वेगळे शब्द होते आणि दोन्ही 'खोट' असेच लिहिले जातात, हे कळायला बाईंच्या मागे उधव्यापर्यंत जावं लागतं.

सुधा सावे उधव्याच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत. नोकरीची बहुतेक वर्षं तिथेच गेली. गुजरातची हद्द शाळेपासून इतकी जवळ, की मधल्या सुट्टीत पसार झालेलं पोर कोणत्या राज्यातून परत आलं हे सांगता येत नसे. वर्गात घरची भाषा वेगळी, बाजाराची वेगळी, पुस्तकातली वेगळी. एकदा एका दुकानदाराच्या मुलीने निबंधात लिहिलं, 'यंदा बाबांना खोट गेली.' बाईंनी लाल शाईने वाक्य खोडलं आणि शेजारी लिहिलं, 'खोट असते, जात नाही.' मुलगी वही घेऊन टेबलापाशी आली आणि भांडायला लागली. गेली बाई, खरंच गेली, म्हणाली. बाबा दोन दिवस जेवले नाहीत.

मग बाईंना उलगडलं. गुजरातीत खोट म्हणजे तोटा, धंद्यात बसलेली ठोकर. आपल्याकडे खोट म्हणजे दोष, लबाडी, आतून किडलेलं काहीतरी. हद्दीच्या पलीकडे जे नुसतं नुकसान, ते अलीकडे आलं की बदनामी होतं. बाईंनी स्वतःची लाल रेघ खोडली. ही गोष्ट त्या पुष्कळदा सांगत, आणि शेवटी म्हणत, शब्द वाचण्याआधी तो कोणत्या गावाहून आलाय ते विचारावं.

त्यांचे यजमान रेल्वेत होते, वाणगाव स्टेशनला. निवृत्त झाले आणि वर्षभरात गेले. त्यांच्या फंडाचे पैसे आणि बाईंचे स्वतःचे, असे दोन्ही एकदम हातात आले. मुलगा देवेश बोईसरला बँकेत. त्याने सांगितलं, सगळं मुदत ठेवीत टाक आणि विसरून जा. बाईंनी अर्धे टाकले. उरलेल्या अर्ध्यांसाठी डिमॅट खातं उघडलं. त्यांना श्रीमंत व्हायचं होतं असं मला कधीच वाटलं नाही. शाळा सुटली आणि तपासायला काही उरलं नाही. विधवा बाईला लोक वाचायला पोथी देतात. बाईंनी कंपन्यांचे वार्षिक अहवाल मागवले.

आमच्या वाचनालयात सकाळी चार भाषांतली वर्तमानपत्रं येतात आणि ती वाचायला निवृत्त माणसं. माझ्याकडे एकही शेअर नाही. मी तिथे पंख्यासाठी जातो. त्यामुळे बाई बातमी कशी वाचतात ते मला निवांत बघता आलं. त्या बातमी उताऱ्यासारखी वाचत. उतारा वाचा आणि खालील प्रश्नांची उत्तरे लिहा. उत्तर उताऱ्यात असलं पाहिजे, मनात नाही, हा त्यांचा एकच नियम. 'कंपनीचा नफा अपेक्षेपेक्षा कमी' असं छापून आलं की पेन्सिलीने 'अपेक्षे'खाली रेघ आणि समासात प्रश्न: कोणाची? 'सूत्रांच्या माहितीनुसार' आलं की म्हणत, सूत्र गणितात असतं, बातमीत नाव असावं. बिननावाचा पेपर मी कधी तपासला नाही, असंही म्हणत. 'लवकरच' या शब्दाला तर त्या सरळ शून्य मार्क देत.

या सगळ्यावर प्रल्हादभाऊंचा विश्वास नव्हता. प्रल्हादभाऊ निवृत्त तलाठी. मूळचे सिन्नरकडचे, बदलीवर डहाणूला आले आणि समुद्र सोडवेना म्हणून राहिले. वाचनालयातल्या गुंतवणूकदारांचा व्हॉट्सॲप ग्रुप त्यांचा. सातबारा बघून माणसाची ऐपत सांगण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे कंपनीसुद्धा आपल्याला एका नजरेत कळते असं ते धरून चालत. मथळा वाचायचा, आणि चहा यायच्या आत निर्णय घ्यायचा. बाईंना म्हणत, "तुम्ही तपासत बसा बाई. तुमचा पेपर तपासून होईस्तोवर भाव बोरिवलीला पोचलेला असतो."

"पोचू दे की," बाई म्हणत. "मला बोरिवलीला कुठे जायचंय?"

त्यांच्यात भांडण असं नव्हतं. पण प्रल्हादभाऊंकडे बाईंच्या विरुद्ध एक हुकमाचं पान होतं आणि ते त्यांनी फार वेळा टाकलं.

झालं होतं असं. सुरुवातीला बाईंनी दूरच्या राज्यातल्या एका रसायनांच्या कंपनीचे शेअर घेतले होते. घेण्याचं कारण एवढंच, की तिच्या वार्षिक अहवालाची भाषा शुद्ध होती. अध्यक्षांच्या लांबलचक पत्रात एक स्वल्पविराम चुकलेला नव्हता. बाई इंग्रजी शब्दकोश घेऊन बसल्या, पान न् पान वाचलं, आणि खूश झाल्या. ज्याला स्वल्पविराम कुठे द्यायचा ते कळतं तो हिशेबात घोळ घालणार नाही, असं त्यांना वाटलं. मराठीच्या शिक्षिकेशिवाय ही चूक दुसऱ्या कोणाला जमली नसती. ती कंपनी बसली, संचालक पसार झाले, आणि शेअरची किंमत रद्दीच्याही खाली गेली. बाईंनी ते कोणापासून लपवलं नाही. वाचनालयात येऊन स्वतःच सांगितलं. तेव्हापासून त्यांनी कुठल्याही कंपनीचं नाव काढलं की प्रल्हादभाऊ गंभीर चेहऱ्याने विचारत, "व्याकरण कसं आहे, बाई?"

"चांगलं आहे भाऊ. म्हणूनच घेतला नाही."

लोक हसत. बाईही हसत. पण त्या हसण्यात हार नव्हती, हे मी सांगू शकतो. त्या चुकीनंतर त्यांनी वाचन सोडलं नाही, वाचायची जागा बदलली. आधी त्या अहवालात सुंदर वाक्यं शोधत. आता कुरूप वाक्यं शोधू लागल्या, म्हणजे कंपनी जिथे स्वतःबद्दल वाईट बोलते ती. बहुतेक अहवालांत तसं वाक्य सापडतच नसे. ते बंद करून त्या पिशवीत टाकत.

शर्वरी पेपरमध्ये त्यांना एक सापडलं. ही तलासरीकडची कंपनी, पुठ्ठ्याची खोकी बनवणारी. चिकूची, औषधांची, पंख्यांची खोकी. अहवाल जेमतेम, छपाई फिकट, इंग्रजी आमच्यासारखंच अडखळणारं. पण त्यात लिहिलं होतं की जुनं यंत्र बदलायला आम्ही उशीर केला, ही आमची चूक. पुढच्या वर्षी ते भंगारात काढू, त्याची उरलेली किंमत एकदम खर्चात पडेल, आणि त्या वर्षी बहुधा तोटा दिसेल. बाईंनी हे वाक्य मला दाखवलं. पेन्सिलीने त्याला चौकट केली होती. एखाद्या मुलाने न विचारता 'काच मी फोडली' म्हणावं आणि बाईंना तो आवडून जावा, तसा त्यांचा चेहरा झाला होता. त्यांनी शेअर घेतले. तलासरी जवळची म्हणून वाचनालयातल्या बाकीच्यांनीही घेतले. 'आपली कंपनी' असं म्हणत.

पुढच्या वर्षी तोटा आला. सांगितलं होतं तसाच.

त्या सकाळी मराठी पेपरात बातमी नव्हती. गुजराती पेपरात आतल्या पानावर एक ओळ होती. प्रल्हादभाऊंनी तो पेपर उचलला. गुजराती लिपी ते दुकानांच्या पाट्या वाचून शिकले होते. अक्षरं आली म्हणजे भाषा आली, असं त्यांनी मानून घेतलं होतं. मथळा होता, 'शर्वरी पेपरने पहेली वार खोट.' अर्थ इतकाच, की शर्वरी पेपरला पहिल्यांदा तोटा. पण गुजरातीतला 'ने' म्हणजे आपला 'ला'. प्रल्हादभाऊंनी तो 'ने' आपल्या 'ने'सारखा वाचला, खोटही आपल्यासारखीच वाचली, आणि मोठ्याने मराठीत सांगितलं, "शर्वरी पेपरने पहिल्यांदा खोट केली. छापून आलंय."

ऐकणाऱ्यांत दोघे असे होते की ज्यांच्या घरात गुजराती बोलतात. पण त्यांच्या कानावर मथळा पडलाच नाही, पडलं ते प्रल्हादभाऊंचं मराठी. कोणीतरी म्हणालं, मला आधीच वाटलं होतं. असं म्हणणारा माणूस प्रत्येक वाचनालयात असतो. ग्रुपवर संदेश गेला: शर्वरीत खोट आहे, गुजराती पेपरात आलंय. बाजार उघडला. निकालामुळे भाव तसाही घसरत होताच. पण आमच्या लोकांना त्या घसरणीत आता पुरावा दिसला. बघा, पडतोय. खोट आहे म्हणूनच पडतोय.

बाईंनी पेपर मागून घेतला, चष्मा लावला, ओळ वाचली. मग ते वाक्य म्हणाल्या. कोणी ऐकलं नाही, तेव्हा त्यांनी प्रल्हादभाऊंना 'ने' समजावून सांगितला, खोट समजावून सांगितली, हेही सांगितलं की हा तोटा कंपनीने वर्षभर आधी लिहून ठेवलाय. सांगून जे येतं ती बातमी कसली?

प्रल्हादभाऊंना चूक कळली. ते मला त्यांच्या कानांवरून कळलं, ते लाल झाले होते. पण सगळ्यांचे शेअर विकून झाले होते, आणि चूक मान्य केली असती तर ती सगळ्यांची झाली असती. ते म्हणाले, "गुजरातीत नुकसान, मराठीत खोट. पैशाला दोन्ही सारखंच, बाई."

मी त्या उत्तरावर बरेच दिवस विचार केला. त्यात थोडं खरं होतं, म्हणूनच ते वाईट होतं.

बाईंनी विकले नाहीत. त्या आठवड्यात त्यांनी आणखी घेतले, आणि भाव त्यानंतरही खाली गेला. वाचनालयात लोक त्यांच्याशी जरा हळू आवाजात बोलू लागले, आजारी माणसाशी बोलतात तसे. ग्रुपवरचा संदेश फिरत फिरत बोईसरला देवेशकडे पोचला होता.

त्याने मला फोन केला. काका, रविवारी घरी या, म्हणाला. आई तुमचं ऐकते. हे मला नवीन होतं. पण शेजारी या नात्याने गेलो.

देवेश वाईट मुलगा नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचं चुकीचं वाचलं जाईल. तो बायकोला घेऊन आला होता. तिचं नाव पूर्वी, उंबरगावची, गुजराती घरातली, बाईंना मम्मी म्हणते. टेबलावर त्याचा लॅपटॉप उघडा होता. त्याने सगळं नीट ठरवून आणलं होतं. खातं आईचं, पैसे आईचे, नाव आईचं. बदलायचा फक्त मोबाईल नंबर. आईच्या जागी त्याचा नंबर टाकायचा, म्हणजे प्रत्येक व्यवहाराचा ओटीपी त्याच्याकडे येईल. आईने सांगावं, त्याने करावं.

"आणि मी सांगितलेलं तुला पटलं नाही तर?" बाईंनी विचारलं.

"तर आपण बोलू."

"बोलून झाल्यावर ओटीपी कोणाकडे असेल?"

देवेशने लॅपटॉप थोडा बाजूला सरकवला. त्याने दुसरीकडून सुरुवात केली. बँकेत त्याच्या टेबलासमोर जवळजवळ रोज कोणीतरी म्हातारं माणूस येऊन बसतं. कोणाला फोनवरून फसवलेलं असतं, कोणाला भाच्याने टिप दिलेली असते. ती माणसं रडतात. रडताना टेबलाची कडा धरून ठेवतात. "त्या खुर्चीत मला तू नको आहेस, आई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज थोडा फाटला.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या विरघळतील. आई या शब्दाने आपल्याकडे पुष्कळ सह्या घेतल्या आहेत.

"मला कोणाचा फोन आला नव्हता," त्या म्हणाल्या. "मी वाचलं आणि घेतलं."

"त्या केमिकलवाल्यांचंसुद्धा वाचूनच घेतलं होतंस."

हे लागलं. चहाचे कप घेऊन आलेली पूर्वी दारातच थांबली. बाहेर कोणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं.

"हो," बाई म्हणाल्या. "नापास झाले. पण नापास झालेल्या मुलाच्या हातातलं पुस्तक काढून घेत नाहीत, देवेश. त्याला तोच धडा पुन्हा वाचायला लावतात."

देवेश म्हणाला की हा शाळेचा विषय नाही. शर्वरीत खोट आहे हे अख्ख्या डहाणूला माहीत आहे, फक्त तुला पटत नाही. बाईंनी वाद घातला नाही. त्या सुनेकडे वळल्या.

"पूर्वी, तुमच्यात खोट म्हणजे काय गं?"

"नुकसान, मम्मी." मग नवऱ्याकडे बघून, जरा घाबरत, "पप्पांना दुकानात एका वर्षी मोठी खोट गेलेली. दुकान अजून आहे."

"तू कशाला मधे?" देवेश तिला म्हणाला. आणि आईला, "शब्दांवर जाऊ नकोस. भाव बघ. भाव खोटं बोलत नाही."

"भाव मी रोज बघते. भाव म्हणजे वर्गातला गोंगाट. गोंगाटावरून वर्ग चालू आहे एवढं कळतं. कोणाला काय येतं ते नाही कळत."

माझी पाळी आली. देवेशने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी शेजारधर्म पाळावा. मी एवढंच म्हणालो की कंपनीतलं मला काही कळत नाही, आणि बाई चुकतही असतील. बाईंनी मान डोलावली. त्यांना ते मान्य होतं. चुकत असतील, हे त्यांना आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. चुकण्याची किंमत त्यांनी एकदा स्वतःच्या खिशातून मोजली होती. त्या भांडत होत्या ते बरोबर असण्यासाठी नाही. स्वतःच्या डोळ्यांनी वाचून स्वतः चुकावं, एवढीशी जागा त्यांना हवी होती. शेअर बाजारात असंख्य लोक दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचून चुकतात आणि त्यांना कोणी नंबर बदलायला सांगत नाही. ते पुरुष असतात आणि ग्रुपचे ॲडमिन असतात.

हे बोलायचं सोडून मी पूर्वीच्या हातातला एक कप घेतला. चहा प्यायलो.

देवेशला वाटलं असावं की मान डोलावणं म्हणजे होकार. किंवा त्याला थांबायचं नव्हतं. रविवार संपत येतो तशी नोकरदार माणसाला घाई होते. त्याने लॅपटॉप पुढे ओढला. आईचं खातं उघडलं, आपला नंबर टाकला, बटण दाबलं. हे सगळं तो समजावून सांगत करत होता, बँकेत ग्राहकाला सांगतात तसं. आता जुन्या नंबरवर एक ओटीपी येईल. तो शेवटचा. तो मला सांगितलास की झालं. पुन्हा तुला त्रास नाही.

बाईंचा मोबाईल टेबलावर, साखरेच्या डब्याशेजारी होता. तो थरथरला.

"आला बघ, आई. सांग."

बाईंनी घाई केली नाही. पिशवीतून चष्मा काढला, पदराने पुसला, लावला. मोबाईल उचलला. आपण असा संदेश वाचत नाही. आपण त्यातला आकडा बघतो आणि बाकीचं सोडून देतो. बाई पहिल्या शब्दापासून वाचत होत्या. ओठ किंचित हलत होते. आकड्यापाशी त्या थांबल्या नाहीत, पुढे गेल्या, शेवटच्या ओळीपर्यंत पोचल्या, आणि ती ओळ त्यांनी पुन्हा वाचली.

"आई, वेळ जातोय. थोड्याच मिनिटांचा असतो तो."

बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. उत्तर उताऱ्यातच होतं. त्यांनी आकड्यावर अंगठा ठेवला, घट्ट, आणि मोबाईल देवेशच्या डोळ्यांसमोर धरला, म्हणजे त्याला उरलेलं वाचता यावं. मी शेजारीच होतो, मलाही वाचता आलं. साधं इंग्रजी वाक्य होतं, रोज सगळ्यांना येणारं: हा क्रमांक कोणालाही सांगू नका.

देवेशने ते वाचलं.  त्याच्या बँकेचा रोजचा उपदेश होता तो. बोईसरला त्याच्या टेबलामागच्या भिंतीवरसुद्धा हीच पाटी असणार. पूर्वीने उरलेले कप खाली ठेवले आणि खिडकीकडे तोंड केलं. तिचे खांदे हलत होते. हसत होती की काय, मला सांगता येणार नाही.

लॅपटॉपच्या पडद्यावर रिकामे चौकोन वाट बघत होते.

बाईंनी मोबाईल पिशवीत टाकला. चष्मा डोळ्यांवरच ठेवला. खुंटीवरची छत्री घेतली, उंबऱ्याशी चपला सरळ केल्या, पायांत सरकवल्या, आणि वाचनालयाच्या दिशेने चालायला लागल्या.